दुसरी चुरचुर

आमच्या घरात कॉफीवरून जितकी भांडणं झाली तितकी कॉफी मी आयुष्यात प्यायलेली नाही. आणि प्यायले तीसुद्धा काय, अर्धा कप दूध, वर तीन चमचे साखर. लेक म्हणायची, "आई, तू कॉफी नाही, पाक पितेस." कॉफी भाजणाऱ्याची बायको आणि कॉफी विकणारीची आई असून मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्यावाचून माझं काही अडतही नव्हतं.

आमचं दुकान म्हणजे पुढे काउंटर, मागे भट्टी आणि मध्ये माझं टेबल. मी वजन करायचं, पिशव्या भरायच्या, त्यांची तोंडं चिकटवायची. भट्टीवर हे. काउंटरवर आमची भिंगरी. खरं नाव वेगळं आहे, पण लहानपणी घरभर गोल गोल फिरायची म्हणून भिंगरी, आणि आता तिशीला टेकली तरी भिंगरीच. एका जागी ठरेल तर शपथ.

त्या सोमवारी ती तरातरा मागे आली आणि हातातली पिशवी तिने ह्यांच्यासमोरच्या फळीवर आपटली.

"हॉटेलवाल्यांनी परत पाठवलीय, बाबा. पुन्हा. कॉफी पाठवता की कोळसा, असं विचारलंय."

ह्यांनी पिशवीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि परत भट्टीकडे वळले. "गडद माल गडदच असतो," एवढंच बोलले.

"गडद आणि करपलेलं ह्यात फरक असतो!"

गप्प. माझ्या नवऱ्याचं गप्प बसणं म्हणजे भिंत. डोकं आपटून घ्या, भिंतीला काही होत नाही.

गडद कॉफी हीच आमच्या दुकानाची ओळख. हलकी आणि मधलीही आम्ही विकतो, पण लोक लांबून यायचे ते गडदसाठी. ती गेल्या वर्षभरात बिघडत चालली होती, आणि भिंगरी सांगून सांगून थकली होती. शेवटी तिने नव्या मशीनची चौकशी केली. आकडे दाबले की आपोआप भाजतं, आपोआप थांबतं म्हणे. मशीनवाला शुक्रवारी येणार होता. त्याला हो म्हटलं की जुनी भट्टी भंगारात आणि हे घरी.

घरी! सुट्टीच्या दिवशी ह्यांना घरात बघा एकदा. सकाळी दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून होतं, आणि मग दिवसभर खिडकीत उभे. ह्या माणसाला कायमचं घरी बसवलं तर तो वर्षभरात संपेल, हे मला लख्ख दिसत होतं.

मी भिंगरीला तेच म्हटलं. तिने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठीक आहे. मग तूच निवाडा कर. चार दिवस मी तुला चाखायला शिकवते. शुक्रवारी तीन वाट्या ठेवीन, हलकी, मधली, गडद. गडद बरी आहे म्हणालीस तर मशीनवाल्याला परत पाठवते. शब्द देते."

"मला काय डोंबल कळतं त्यातलं?"

"म्हणूनच. शिवाय तू खोटं बोललीस की तुझं नाक लाल होतं."

मी हो म्हटलं. माझा बेत अगदी साधा होता. चार दिवस तिच्या वाट्या हुंगायच्या, पाचव्या दिवशी नाकावर पदर नाहीतर रुमाल, काय हाताला लागेल ते धरायचं, 'गडद उत्तम' म्हणायचं आणि नवरा जागच्या जागी. न्याय गेला खड्ड्यात.

दुपारी दुकान बंद असताना आमचा वर्ग भरायचा. तीन पांढऱ्या वाट्या, त्यांत दळलेली पूड, वरून गरम पाणी. ना दूध, ना साखर. वर पुडीची साय धरते, ती चमच्याने फोडायची आणि तेवढ्यात नाक खाली नेऊन वास घ्यायचा. मग चमचाभर कॉफी जोरात फुरका मारून ओढायची. ह्याच पोरीला मी लहानपणी 'फुरके मारू नकोस' म्हणून धपाटे घातलेत, आणि आता ती मला म्हणते, "अजून जोरात, आई. लाजतेस काय?"

पहिली हलकी. दाणा फिकट तपकिरी. मी घोट घेतला आणि माझं तोंड वाकडं झालं.

"अगं बाई, ही आंबलीय!"

"आंबली नाही, आंबट आहे. जरा थांब. निवू दे, मग परत घे."

निवल्यावर परत घेतली. आणि खरंच, आंबटपणा तोच, पण आता त्याचा राग येईना. हिरव्या सफरचंदाची साल चावल्यावर येतो तसला, आणि मागून काहीतरी फुलाचा वास. भिंगरी माझ्या तोंडाकडे बघत होती, मी मुद्दाम खांदे उडवले.

मधलीने मला फितवलं. तिच्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास होता, आणि गिळून झाल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला गोड लागायला लागलं. मी भिंगरीकडे संशयाने बघितलं. "साखर घातलीस ना गुपचूप?" ती इतकी हसली की तिच्या हातातला चमचा पडला. साखर नव्हती. दाण्यातच असते म्हणे, ती भाजताना तापते, हलकीत पुरती उतरत नाही, जास्त भाजली की जळून जाते. एवढी वर्षं ह्या मालाच्या पिशव्या मी हाताने भरल्या, आणि माझ्या लेखी सगळ्यांचा फरक एवढाच होता की गडद दाणे हलके म्हणून पिशवी जास्त फुगते.

मंगळवारी तर वर्ग संपल्यावर मी मधलीची वाटी घेऊन एकटीच टेबलाशी बसून राहिले. घोट घ्यायचा, थांबायचं, परत घ्यायचा. गरम असताना एक, कोमट झाल्यावर दुसरीच. काही म्हणजे काही करत नव्हते मी, नुसती चव घेत होते. घाईघाईने गोड करून ढोसायची सवय लागलेल्या बाईला ही चैनच वाटली. खरं सांगते, मला ते फार आवडलं.

गडद भिंगरीने शेवटी ठेवली होती. बुधवारी तिने दोन वाट्या मांडल्या. पहिल्या वाटीतली घेतली. कडू होती, पण भरीव कडू. खरपूस भाजलेल्या पावाच्या कडेसारखी, आणि त्या कडूच्या पोटात गोड. आमचं दुकान जिच्यावर उभं राहिलं ती ही, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

"ही मागच्या आठवड्यातली," भिंगरी म्हणाली. "धुराचा पंखा दुरुस्तीला गेला होता ना, त्या दिवशीची. आणि ही कालची."

कालची मी तोंडात घेतली आणि तशीच धरून बसले. गिळवेना. दूध लागलेल्या भांड्याचं बूड, दुसरं काही नाही. राख.

"बघितलंस?" भिंगरीचा आवाज चिरकला. "म्हणजे बाबांना येतं. मनात असलं की करतात, नसलं की नाही. ह्याचाच तर मला राग येतो."

माझा बेत तिथेच कोसळला. एकदा कळलं की कळलं, जिभेला परत अडाणी करता येत नाही. आता शुक्रवारी कुठल्या तोंडाने सांगणार होते मी गडद उत्तम म्हणून?

पण घरी गेल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. हलकी चांगली होती. मधलीही चांगली होती. बिघडली होती ती गडद, तीही पंखा नसलेल्या दिवशी झकास. हट्टी माणूस हट्ट करायला एकच रंग निवडेल होय? निष्काळजी म्हणावं, तर तिन्ही बिघडायला हव्यात. आणि त्या पंख्याचा काय संबंध?

भट्टी चालू असताना तिच्याजवळ कुणी जायचं नाही, हा ह्यांचा नियम. बोलायचं नाही, ऐकण्यात अडथळा येतो म्हणून. लग्नानंतर नव्या नवलाईत मला एकदा सांगितलं होतं, दाणा दोनदा आवाज देतो. पहिल्यांदा मक्याच्या लाह्या फुटल्यासारखा, तडतड, दुकानभर ऐकू येतो. हलकी आणि मधली त्याच्या आसपास काढायची. मग दाणा गप्प होतो. मग दुसऱ्यांदा, अगदी बारीक, कोरडा कागद मुठीत चुरगळावा तशी चुरचुर. ती सुरू झाली की गडदची वेळ झाली.

गुरुवारी सकाळी रिकाम्या पिशव्या न्यायच्या निमित्ताने मी भट्टीच्या दारात जाऊन उभी राहिले. पंखा घरघरत होता. ह्यांची पाठ माझ्याकडे. तडतड सुरू झाली तशी ह्यांनी मान हलवली. मग शांत. ह्यांनी दाणे खाली सोडायच्या दांड्यावर हात ठेवला, कान भट्टीजवळ नेला आणि डोळे मिटले.

आणि चुरचुर सुरू झाली. मला दारात ऐकू आली, पंख्याच्या घरघरीतून. सुरू झाली, वाढली, भट्टीभर झाली. हे तसेच उभे. डोळे मिटलेले, कान लावलेला, हात दांड्यावर तयार. दाणा बोलत होता आणि हा माणूस त्याच्या बोलण्याची वाट बघत होता.

मला ओरडावंसं वाटलं, पण भट्टीपाशी बोलायचं नाही हा नियम अंगात मुरलेला.

धूर निळसर झाला तेव्हा ह्यांनी डोळे उघडले आणि दचकून दांडा ओढला. तेलकट काळे दाणे खालच्या परातीत सांडले. ह्यांनी एक उचलला, फोडून जिभेवर ठेवला, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना कळत होतं. दर वेळी कळत होतं.

मी मागे जाऊन उभी राहिले. "अहो." काही नाही. "अहो, घराला आग लागलीय." काही नाही. मग मी पंख्याचं बटण बंद केलं, तेव्हा ते वळले.

"कधीपासून?" मी विचारलं.

काहीतरी खोटं सांगायची जुळवाजुळव चालली होती त्यांची, पण मग त्यांनी विचार बदलला. "मागच्या हिवाळ्यात लक्षात आलं. बोललेलं कळतं, शांत असलं की. बारीक आवाज गेले. आधी किल्ल्यांचा, मग पाखरांचा. मग हा."

"आणि मला वाटत होतं, तुम्ही मुद्दाम दुर्लक्ष करता!"

"ते पण करतो."

हसू का रडू कळेना मला. मी म्हटलं, पंखा बंद ठेवून भाजा. तर म्हणाले, त्या दिवशी तसं केलं, नंतर दोन दिवस छातीतून शिट्टी वाजत होती, विसरलीस? मी म्हटलं, रंग बघा. म्हणाले, "रंग उशिरा सांगतो. तो दिसेपर्यंत माल गेलेला असतो. नाकाचं काम चुरचुर लागल्यावरचं, आणि ती कधी लागली तेच कळत नाही. अंदाजाने आधी काढून बघितला, तर अधांतरी राहतो, ना मधला ना गडद."

"मग मी उभी राहते शेजारी. ऐकू आलं की पाठीवर थाप मारते. त्यात काय एवढं?"

"तू ऐकायचं आणि मी दांडा ओढायचा." ते परातीतले दाणे उगाच हाताने सारखे करत होते. "दांडा तर कुणीही ओढेल. मग मी कशाला?"

मी परातीतला एक करपलेला दाणा उचलून बाजूला टाकला.

"भिंगरीला सांगू नकोस," ते म्हणाले. "हट्टी म्हणू दे मला. हट्टी माणसाशी भांडता तरी येतं. बहिऱ्याला नुसतं बाजूला बसवतात, हात धरून, मायेने."

"कानाबद्दल चकार शब्द काढणार नाही," मी म्हटलं. "पण वाटीबद्दल खोटं बोलायला लावू नका. आता मला कळतं."

त्यांनी मान हलवली. कळतं म्हटल्यावर थोडं बरंही वाटलं असावं त्यांना. जन्मभर बायकोला साखरेचा पाक पिताना बघितलेला माणूस.

शुक्रवारी भिंगरीने माझ्या टेबलावर तीन वाट्या मांडल्या आणि बाबांनाही बोलावलं. हे माझ्या समोर बसले. मी हलकी घेतली, मधली घेतली, दोन्ही चांगल्या आहेत म्हणून सांगितलं. मग गडद ओढली. चमचा खाली ठेवताना मी भिंगरीकडे बघितलं, आणि मला धक्काच बसला. ती ओठ चावत माझ्या नाकाकडे बघत होती. मी खोटं बोलावं अशी तिची इच्छा होती! त्या पोरीला मशीन नकोच होतं. तिला तिचे बाबा पूर्वीसारखे हवे होते.

"करपलीय," मी म्हटलं.

ह्यांची नजर माझ्या ओठांवर होती. त्यांनी हात पुढे केला, माझ्याच चमच्याने एक फुरका मारला आणि वाटी बाजूला सारली.

"बरोबर बोलतेय ती."

"माहीत होतं तर मग का, बाबा? का असं केलंत?"

मी खाली टेबलाकडे बघत राहिले. मी शब्द दिला होता. मूग गिळून बसणं म्हणजे काय, ते त्या दिवशी मला समजलं.

"मला चुरचुर ऐकू येत नाही," हे म्हणाले. "वर्ष झालं."

भिंगरी एकदम फुटली. "वर्षभर! वर्षभर मी तुम्हाला वाट्टेल ते बोलतेय, आणि तुम्ही गुपचूप ऐकून घेताय? सांगायला काय झालं होतं? मी कोण परकी आहे?" नाक पुसत ती सरळ मागे गेली. पंखा सुरू झाल्याचा आवाज आला, मग भट्टी पेटवल्याचा. "या इकडे!" ती तिथूनच ओरडली. "मी ऐकते. या!"

हे बसून राहिले. मघापेक्षा लहान दिसत होते. तेच झालं होतं, ज्याला ते घाबरत होते. आता पोरगी ऐकणार, पोरगी सांगणार, आणि ते दांडा ओढणार.

माझा पारा चढला. "उठा! मशीनवाला यायच्या आत एक घाणा निघतो. उठा म्हणते ना!"

ते उठले.

कच्चा माल आत पडला. भिंगरी भट्टीकडे कान लावून उभी, हे तिच्यासमोर, तिचा चेहरा दिसेल असे. ह्या जागेच्या एवढ्या जवळ ह्यांनी तिला कधी उभं केलं नव्हतं. दाणे पिवळे झाले, तपकिरी झाले, तडतड झाली आणि थांबली. मी दारात उभी.

चुरचुर सुरू झाली. भिंगरीचा हात वर गेला.

ह्यांनी तो बघितला, नक्की बघितला. दांडा मुठीत होता. पण त्यांनी ओढला नाही.

"बाबा, सुरू झाली!" ती हात हलवायला लागली. "सुरू झाली, काढा!"

वाटलं, झालं, ह्याही वेळी जळणार, आता हे मुद्दाम जाळणार. ह्यांनी भट्टीच्या पोटातून नमुन्याची पळी बाहेर ओढली, नाकाशी नेली, परत आत सरकवली. पुन्हा ओढली. भिंगरीने न राहवून दांड्याकडे हात नेला, तर ह्यांनी तो कोपराने हलकेच बाजूला केला. पळी तिसऱ्यांदा नाकाशी गेली. ह्यांच्या ओठांची काहीतरी हालचाल झाली, चाखल्यासारखी. आणि दांडा खाली आला.

दाणे परातीत पडले. काळे नव्हते. गर्द तपकिरी, अंगावर नुकती कुठे चकाकी यायला लागलेली.

भाजलेला माल एक दिवस मुरू द्यावा लागतो, पण थांबतंय कोण? भिंगरीने तिथेच मूठभर दळले आणि दोन वाट्या भरल्या. मी फुरका मारला. पावाची खरपूस कड होती, पोटातलं गोडही होतं, आणि ह्या दोन्हींच्या मागे अजून एक चव होती, पंखा नसलेल्या दिवशीच्या कॉफीतही नसलेली, उशिरा येणारी आणि बराच वेळ राहणारी. मला तिला नाव देता येईना. डोळे मात्र भरून आले, ते मी लपवले नाहीत.

भिंगरीने एक घोट घेतला, मग दुसरा. तेवढ्यात पुढे काउंटरची घंटा वाजली.

"आई, त्याला सांग, मशीन नको," ती वाटीतून मान वर न करता म्हणाली. मग तिने मान वर केली आणि विचारलं, "बाबा, मी हात वर केला तेव्हाच का नाही काढलात? कशासाठी थांबलात?"

हे पाठमोरे होते, परातीतले दाणे लाकडी फावड्याने परतत. पंखा घरघरत होता. त्यांनी काही वळून बघितलं नाही.

भिंगरीने वाटी खाली ठेवली. परातीला वळसा घालून ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, त्यांनी वर बघेपर्यंत थांबली, आणि तोच प्रश्न तिने सावकाश, एकेक शब्द सुटा करून पुन्हा विचारला.

ह्यांनी फावडं भिंतीला टेकवलं, पळी काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "वास घे. मग सांगतो."